बारमाही रस्त्यावरची फळी

मी एक जुनी फळी आहे. बाभळीची. मित्रांनो, फळीला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून तुम्ही पान उलटणार असाल तर खुशाल उलटा. मी कोणाच्या विनवण्या करत नाही. पण मला जे सांगायचं आहे ते सांगितल्याशिवाय मी चुलीत जाणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

माझा जन्म जांभूळवस्तीच्या शिवारात, मानसिंगआबांच्या बांधावर झाला. बाभळ कोणी मुद्दाम लावत नाही, ती आपली आपण उगवते. मला कोणी पाणी घातलं नाही की कुंपण केलं नाही. शेळ्यांनी शेंडे खाल्ले, तरी मी वाढले. मग एका वर्षी आबांना ऊस वाहायला नवी बैलगाडी हवी झाली. अर्जुना सुताराने माझ्या बुंध्यावर टकटक करून पाहिलं आणि तो म्हणाला, "आबा, ह्याच्यापरास घट लाकूड घावायचं न्हाई." कुऱ्हाड पडली तेव्हा दुखलं. खोटं कशाला सांगू?

अर्जुनाने मला गाडीच्या तळाला ठोकलं. अकरा हंगाम मी ऊस वाहिला. कारखान्याच्या फाटकात गाड्यांची रांग लागायची, तेव्हा दुसऱ्या गाडीवाल्यांचे तळ करकरायचे आणि मी मात्र चूप. आबा मिशीवर हात फिरवत सांगायचे, "आमच्या बांधावरची बाभळ हाय ती." मलाही थोडा गर्व झाला होता.

पुढे ट्रॅक्टर आले आणि गाडी मोडली. चाकं कोणीतरी नेली. माझ्या शेजारच्या दोन फळ्या, माझ्या बहिणीच त्या, कोंबड्यांच्या खुराड्याला लागल्या आणि मला न्हाणीमागे, सांडपाण्याच्या चरावर टाकलं. येणारा-जाणारा माझ्यावर चिखलाचे पाय पुसायचा. सहा वर्षं मी तशी पडून होते. दुसरी फळी असती तर कुजली असती. मी रागाने कुजले नाही.

आता पूजाबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिची आहे.

पूजा आबांची नात. आबा फौजेतून सुभेदार होऊन परतलेले आणि तिचे वडील अजून फौजेतच. घरी आई, आबा आणि ती. पूजाच्या पायांत जन्मापासून बळ नव्हतं. वस्तीवरची शाळा घरापासून हाकेवर होती, पण तिला तीन पायऱ्या होत्या. आबा तिला पाठीवर घेऊन त्या पायऱ्या चढायचे. नऊ वर्षांची असताना एका शिबिरात तिला चाकांची खुर्ची मिळाली. सगळ्या वस्तीने ती हात लावून पाहिली. पण पायऱ्यांपाशी खुर्ची थांबायची आणि पुन्हा आबांची पाठ यायची.

एके सकाळी तिने पाठीवर चढायला साफ नकार दिला.

"मी काय पोतं हाय व्हय उचलून न्यायला?"

"मग जाशील कशी, पोरी?" आबांनी विचारलं.

तिने इकडेतिकडे पाहिलं आणि थेट माझ्याकडे बोट केलं. "ती फळी लावा की पायरीला."

आबा हसले, आई हसली. पूजा हसली नाही. शेवटी अर्जुनाला बोलावलं. त्याने मला घासून धुतलं, माझ्या दोन्ही बहिणींना खुराड्यातून सोडवून आणलं, आम्हा तिघींना शेजारी शेजारी ठेवून खालून आडव्या पट्ट्या मारल्या. चाक घसरू नये म्हणून पाठीवर बारीक पट्ट्या ठोकल्या आणि एका टोकाला दोरी ओवली. तेव्हापासून आम्ही तिघी मिळून एक 'मी' झालो.

पहिल्याच दिवशी ती माझ्या पाठीवरून स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत वर गेली. दोनदा मागे आली, तिसऱ्यांदा गेली. आई धरायला धावली तर म्हणाली, "हात लावू नगं." अकरा हंगाम मी टनावारी ऊस वाहिला होता, पण ओझं वाहताना इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मित्रांनो, सातवीपर्यंत सगळं ठीक चाललं. आठवीची शाळा मात्र तांबेगावात. आमच्या वस्तीतून तांबेगावला दोन वाटा जातात. एक डांबरी, उंब्रजवरून वळसा घालून, नऊ किलोमीटरची. दुसरी शिवारातून जाणारी पाणंद, दोन किलोमीटरची. पाणंद म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस आणि मधून बैलगाडीपुरती वाट. उन्हाळ्यात तिच्यावर धूळ असते आणि पावसाळ्यात ती वाट कुठे गेली ते शोधावं लागतं.

म्हणून पूजा भाऊसोच्या वडापने, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या जीपने, जाऊ लागली. जीपच्या मागच्या दाराला मला लावायचं, खुर्ची वर चढवायची, मग मला दोन बाकांच्या मध्ये सरकवायचं. पण वडापचा एक कायदा आहे. सीट भरल्याशिवाय गाडी हलत नाही. शाळा दहाला भरायची आणि गाडी कधी साडेनऊला भरायची, कधी साडेदहाला. शिवाय खुर्चीने चार माणसांची जागा अडायची.

"माझी बुट्टी कुठं ठिवू रं भाऊसो?" भाजीची टोपली घेऊन उंब्रजच्या बाजाराला निघालेली अंबूबाई रोज तणतणायची. "पोरीची गाडी हाय का माणसांची?"

"मी बी माणूसच हाय, आज्जे," एके दिवशी पूजा म्हणाली. "बुट्टी फळीवर ठिव. ती काय बोलायची न्हाई."

मी खरंच काही बोलले नाही. मेथीच्या जुड्या अंगावर घेऊन उंब्रजपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी अंबूबाईने न विचारता बुट्टी माझ्यावर ठेवली आणि पूजाच्या हातात एक गाजर दिलं.

तरी भाऊसोचाही इलाज नव्हता. एका महिन्यानंतर तो आबांना म्हणाला, "आबा, पोरीला न्यायला माझी ना न्हाई. पर रोज चार सीटा सोडून मी किती दिस चालवू? शाळंकडनं गाडीची मदत मिळती म्हणं आसल्या पोरांना. अर्ज करा."

आबांनी अर्ज केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. शाळेतल्या सरांनी ते आबांना आणि आईला वाचून दाखवलं, तेव्हा मी वर्गाच्या दाराशी टेकलेली होते. त्यात लिहिलं होतं की जांभूळवस्ती ते तांबेगाव अंतर दोन किलोमीटर, बारमाही रस्ता उपलब्ध, सबब प्रवासाची मदत देता येत नाही. विद्यार्थिनीला येणे शक्य नसल्यास तिचे नाव घरी राहून शिकणाऱ्या मुलांच्या यादीत घालावे. आठवड्यातून एकदा शिक्षिका घरी येतील.

"बारमाही?" आई म्हणाली. "कुणी सांगितलं त्यास्नी बारमाही?"

आबा खाली बघू लागले.

सांगते, कोणी सांगितलं ते. तीन वर्षांपूर्वी रस्त्यांची पाहणी करायला माणसं आली होती. आमच्याकडे उसाची तोड लवकर यावी म्हणून लोक काय वाटेल ते करतात. ज्या वस्तीच्या शिवारात चांगला रस्ता असेल तिथे तोडीच्या टोळ्या आणि गाड्या आधी येतात. चिखलातला ऊस शेवटी राहतो, त्याला तुरे येतात, वजन घटतं. म्हणून सगळ्या वस्तीने ठरवून आबांना पुढे केलं. सुभेदाराचा शब्द, कोण शंका घेणार? आबा छाती काढून म्हणाले होते, "बारमाही रस्ता हाय सायेब. डोळं झाकून गाडी घाला." आणि खाली सही ठोकली होती. पाहणी उन्हाळ्यात होती, पाणंद वाळून टणक झाली होती. साहेबांनी लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी पारावर माणसं जमली. आबांनी हळूच विषय काढला की आता ते दुरुस्त करून घ्यावं. एकजण ताडकन म्हणाला, "आबा, सही मागं घेतली तर तोड मार्चात यील. समद्यांच्या उसाचं काय? पोर घरी शिकंल की. बाई येणार हायती न्हवं?"

आबा गप्प बसले. मला त्यांचा फार राग आला. लढाईत पाय न डगमगलेला माणूस पारावर गप्प बसतो, हे मला पटलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी पूजाला समजावलं. घरी काय वाईट आहे, बाई येतील, पाऊस-चिखल नाही, ऊन नाही. पूजाने सगळं ऐकून घेतलं.

"आबा, बाई आठवड्यातनं एकदा येणार. माझ्या मैत्रिणी बी येणार का? विज्ञानाची खोली येणार? कबड्डीचं मैदान येणार बघायला?"

आबांनी उगाच मुंडासं सोडून पुन्हा बांधायला घेतलं.

"सरकारी कागदात रस्ता बारमाही हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग उद्यापास्नं मी त्याच रस्त्यानं जाणार. फळी काढून ठिवा."

ऑगस्ट महिना होता, मित्रांनो. पाणंदीत चिखलाचे तीन मोठे पट्टे पडले होते. एक वळणावर, एक ओढ्यापाशी आणि तिसरा तांबेगावच्या अलीकडे. एकटी मी पुरणार नव्हते. आबांनी गोठ्याचं दार बिजागऱ्यांतून काढलं. मग आमची रीत अशी ठरली: मला चिखलावर टाकायचं, खुर्ची माझ्यावर यायची, पुढे दार टाकायचं, खुर्ची दारावर जायची, मग मला मागून उपसून दाराच्या पुढे टाकायचं. आबा फळ्या टाकायचे, आई खुर्ची धरायची आणि पूजा चाकं फिरवायची. गोठ्याचं दार सारखं कुरकुरत होतं. मी त्याला म्हटलं, गप बस, तुला आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर पडायला मिळालंय.

दोन किलोमीटरला अडीच तास लागले. शाळेत पोहोचलो तेव्हा मधली सुट्टी चालू होती. पूजाचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरले होते. सरांनी हजेरी कधीच घेतली होती.

"सर, माझी गैरहजेरी खोडा," ती म्हणाली. "मी आलेय."

"अगं, पण अर्धी शाळा झाली."

"मग अर्धी हजेरी लावा. पण गैरहजर लिहू नका. मी बारमाही रस्त्यानं आलेय."

सरांनी तिच्याकडे पाहिलं, चिखलाने लडबडलेल्या आबांकडे पाहिलं आणि मुकाट्याने खोडलं.

दुसऱ्या दिवशी घरातून साडेसातला निघालो. तिसऱ्या दिवशीही निघालो. उसात पाणी द्यायला आलेले लोक बांधावर उभे राहून बघायचे. काहीजण "बिच्चारी" म्हणायचे. हा शब्द पूजाला मुळीच आवडत नाही आणि मलाही नाही. ज्यांना वाईट वाटत होतं त्यांनी एक हात लावला असता तर चाललं असतं. चौथ्या दिवशी खरंच एकीने लावला. अंबूबाई बुट्टी डोक्यावरून उतरवून चिखलात शिरली आणि तिने माझं एक टोक उचललं. "सरक रं मानसिंगा," ती आबांना म्हणाली, "तुला वाकाय येत न्हाई."

पाचव्या दिवशी मात्र माझ्याकडून चूक झाली. चूक म्हणजे, ओढ्यापाशी मी ओल्या मातीत तिरकी झाले आणि चाक माझ्या कडेवरून सुटलं. खुर्ची कलंडली. पूजा चिखलात पडली, तिचं दप्तर पाण्यात गेलं. तोवर ती एकदाही रडली नव्हती. त्या दिवशी भिजलेली वही हातात घेऊन ती मोठ्याने रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा तिला उचलायला गेले आणि त्यांचाच गुडघा दुमडला. आजोबा आणि नात, दोघंही चिखलात बसून राहिली.

"माझंच चुकलं, पोरी," आबा म्हणाले. "माझ्या एका सहीनं तुला हितं बसवलं."

नेमक्या त्याच वेळी समोरून एक बाई येताना दिसल्या. एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. त्या राजेश्वरीबाई होत्या, विशेष मुलांच्या शिक्षिका. पूजाचं नाव घरच्या यादीत घालायला पालकांची सही हवी होती, ती घ्यायला त्या निघाल्या होत्या. कागदात बारमाही रस्ता लिहिलेला पाहून, दोन किलोमीटर चालतच जाऊ म्हणून, त्यांनी रिक्षा तांबेगावातच सोडली होती. त्यांची दुसरी चप्पल मागे चिखलात राहिली होती.

"हा... हाच का तो रस्ता?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"व्हय बाई," पूजा डोळे पुसत म्हणाली. "ह्योच तुमचा बारमाही रस्ता. तुमी कशाला आलाय?"

बाईंनी कागद दाखवला. पूजाने तो वाचला आणि त्यांच्या हातात परत दिला. "मला घरी शिकवायला याल तवा बी ह्याच वाटंनं यावं लागंल तुमाला. तुमच्यानं हुईल का दर आठवड्याला?"

राजेश्वरीबाई स्वतःच्या अनवाणी पायांकडे बघत राहिल्या. मग त्या चक्क हसल्या. "नाही गं. माझ्याने एकदासुद्धा झालं नाही."

आबा उठले. लंगडत माझ्यापाशी आले, सदऱ्याच्या बाहीने मला पुसलं आणि मला आडवं करून दोन्ही बांधांवर टेकवलं.

"बाई, तुमचा कागद उलटा करा. मागं कोरं हाय न्हवं? लिवून घ्या. जांभूळवस्तीची पाणंद बारमाही न्हाई. पावसाळ्यात माणूस जात न्हाई, खुर्ची तर जातच न्हाई. तीन वर्सामागं मी खोटं सांगितलं. माजी सुभेदार मानसिंग."

"आबा, विचार करा," बाई म्हणाल्या. "वस्तीतले लोक..."

"वस्तीला मी बघतो. तुमी लिवा."

बाईंनी माझ्यावर कागद ठेवून लिहिलं. आबांनी माझ्यावरच कागद ठेवून सही केली. सहीवर चिखलाचं बोट उमटलं. मित्रांनो, माझ्या पाठीवरून ऊस गेला, सांडपाणी गेलं, मेथी गेली. पण त्या एका कागदाइतकं जड काही गेलं नाही. मला आबांचा आलेला सगळा राग तिथेच उतरला.

वस्ती खवळली. ग्रामसभेत लोक आबांना वाटेल ते बोलले. "नातीपायी वस्तीचं वाटोळं केलंसा," असंही एकजण म्हणाला. आबा मान वर करून ऐकत होते. तेवढ्यात अंबूबाई बायकांतून उठली. "आवं, वाटोळं कसलं? रस्ता हाय म्हणून सांगून तुमी तीन वर्सं रस्ता मागितलाच न्हाई. मागा की आता. तवर त्या पोरीला चिखलात लोळवायचा तुमाला काय हक्क?" माणसं पाय आपटत घरी गेली.

राजेश्वरीबाईंनी तो चिखलाच्या बोटाचा कागद जसाच्या तसा वर पाठवला. कोणीतरी तो स्वच्छ लिहून आणा म्हणालं, तर त्यांनी ऐकलं नाही. नवीन पाहणी झाली, तोवर आम्ही पाणंदीनेच जात राहिलो. पूजाची शाळा आता कागदावरही नऊ किलोमीटरवर गेली आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर मदत मंजूर झाली. भाऊसोच्या गाडीवर शाळेची पाटी लागली. सव्वानऊला ती निघते, भरलेली असो वा नसो. पहिल्या दिवशी गाडीत फक्त पूजा, आई आणि मी होतो. रिकामी गाडी हलवताना भाऊसोचा हात सवयीने थांबला.

"कुणी यायचं राहिलंय का रं?" त्याने स्वतःशीच विचारलं.

"मी आलेय न्हवं?" पूजा म्हणाली. "चला."

त्या वर्षी तोड खरंच उशिरा आली. आबांच्या उसाला तुरे आले. सगळं शिवार पांढरं दिसायला लागलं. आबा बांधावर उभे राहून बघायचे, पण मी त्यांच्या तोंडून एकदाही उसासा ऐकला नाही.

आता पूजा दहावीत आहे. मी म्हातारी झाले. मधल्या फळीला चीर गेली होती, तिथे अर्जुनाने लोखंडी पट्टी मारली. शाळेने दाराशी सिमेंटचा उतार बांधला. स्नेहसंमेलनात कोणीतरी सुचवलं, की ही फळी भिंतीवर टांगून हार घालावा, मुलांना प्रेरणा मिळेल. पूजाने तिथल्या तिथे सुनावलं, "तिला टांगू नका. तिला काम हाय."

मला वाटलं, ती मला परीक्षेला नेणार. बोर्डाच्या परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावात आहे आणि तिचा बैठक क्रमांक पहिल्या मजल्यावर आला आहे. बावीस पायऱ्या. आबा काल टेपने मला मोजत होते. मी सात फुटांची. मोजून झाल्यावर ते काळजीने म्हणाले, "पुरायची न्हाई पोरी. आणिक दोन फळ्या जोडाव्या लागतील."

पूजा टेबलाशी परीक्षा केंद्राला पत्र लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"ह्या बारीला फळी न्यायचीच न्हाई, आबा. तीन पायऱ्यांला फळी लावली, चिखलात फळी टाकली. आता त्यांनीच वर्ग खाली आणायचा. तसं लिवतेय मी."

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी माझ्यासारख्या जुन्या वस्तूने म्हणायचं असतं, की मला सांभाळा, मला टाकून देऊ नका. मी तसं म्हणणार नाही. तुमच्या शाळेत पायऱ्या आहेत का ते उद्या मोजा, आणि त्या पायऱ्यांच्या खाली कोणी थांबलंय का ते बघा. मी फार वर्षं लोकांच्या चुकांवर आडवी पडले. माझी गरज उरणार नाही असं काहीतरी करा.

पत्र लिहून झालं. कोरड्या अंगणात तिने चाकं वळवली आणि ती स्वतःच पोस्टाकडे निघाली. मी दाराशी उभी होते. तिने मला हात लावला नाही, आणि त्या दिवसाइतकी मी कधीच खूश झाले नव्हते.